हेडमास्तरांच्या पुस्तकाला न लागलेली कसर

काल पुस्तकांचं कपाट उघडलं आणि वाळक्या कडुलिंबाच्या वासानं मला थेट साठ सालच्या अमरावतीत, सातवीत नेऊन बसवलं.

आमच्या शाळेच्या ग्रंथपाल बाई कधी सरळ उत्तर देत नसत. "कडुलिंबाच्या पाल्यानं कसर खरंच पळते का?" मी विचारलं.

"मले काहून इचारतं? सोताच करून पाय."

मग मी एका कपाटात पाला घातला, दुसरं तसंच ठेवलं. दिवाळीनंतर दोन्ही उघडली. बिनपाल्याच्या कपाटातली पुस्तकं कसरीनं पार पोखरली होती. एकच कोरं करकरीत राहिलं होतं, खुद्द हेडमास्तरांनी लिहिलेलं.

तेवढ्यात हेडमास्तरच आत आले. "काय शोध लावला?"

मी बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "जे दिसलं ते सांग."

"सर, तुमच्या पुस्तकाले कसरीनं तोंडसुद्धा नाही लावलं."

सरांची छाती फुगली. "पाहिलंत बाई? चांगल्या ग्रंथाला पाल्याची गरजच नसते!"

बाईंनी घाईघाईनं पदर तोंडात कोंबला. मला तेव्हा वाटलं, त्यांना गहिवरून आलं.

काल पाहिलं, तर खालच्या कप्प्यात पाला घालायचा राहूनच गेला होता. सगळ्या पुस्तकांची चाळण झालीय. माझा कथासंग्रह तेवढा शाबूत आहे.

जे दिसलं ते सांगितलं, बाई.