शमुवेलसरांचा मुकादम

आदरणीय शमुवेलसरांच्या पंचाहत्तरीच्या या ग्रंथात मला प्रथम एक तक्रार नोंदवायची आहे. सरांनी माझे नाक घेतले आणि अद्याप परत केलेले नाही. त्यांनी यंदा आपली चित्रकथा थांबवायचे मनात आणले आहे; तेव्हा दाद मागण्याची हीच शेवटची संधी.

आमच्या साप्ताहिकाचा वार्ताहर म्हणून मी राहुरीला त्यांच्या घरी मुलाखतीस गेलो, ती पहिली भेट. चित्रकलेचे शिक्षक म्हणून निवृत्त झालेले सर ऊसतोडीवरची काळी-पांढरी चित्रकथा आमच्याकडे सुरू करणार होते. बोलताना ते माझ्या नाकाकडे फार आदराने पाहत होते. पंधरा दिवसांनी कथेत क्रूर मुकादम अवतरला; तापाने फणफणलेल्या बाईच्या डोक्यावर उसाची मोळी चढवणारा. नाक माझे. नासिकाहरणास शास्त्रात दंड काय, हे मी शोधले. शास्त्रकारांवर अशी वेळ आली नसावी.

पुढे पाथर्डीच्या बसस्थानकावर, दरवर्षी ऊसतोडीला जाणाऱ्या तिथल्याच सखूबाईंनी मला अडवले.

"तूच व्हय रं त्यो मुकादम? आजारी बाईला मोळी उचलाया लावतूस?"

"बाई, मी फक्त बातम्या देतो."

"मंग नाक कसं त्येच हाय?"

इथे माझे संस्कृत अपुरे पडले.

हे कळताच सर रविवारची उपासना आटोपून एसटीने पाथर्डीला गेले, नाक माझे असले तरी दोष त्यांचा, असे सांगून माफी मागायला. मी सोबत होतो, पुरावा म्हणून. सखूबाईंनी चित्र न्याहाळले. "मुकादम बेस काढलाय, गुर्जी. पर बाईच्या हातात कोयता उलटा हाय." सर त्यांच्याकडून कोयता धरायला शिकले आणि छपाईला तयार असलेली चार पाने त्यांनी पुन्हा काढली.

मुकादमाचा चेहरा सर कधी काळा करीत नाहीत. नुसती बाह्यरेषा, आत कोरा कागद. सगळी शाई मोळीखालच्या बाईवर. "डोळा आधी काळ्याकडे जातो," असे ते सांगतात.

वाचकांचे डोळे मात्र सरांच्या शाळेत शिकलेले नाहीत. हल्ली तरुण मंडळी मुकादमाचे चित्र मोबाईलच्या स्टेटसला ठेवतात. खाली 'लई डेंजर माणूस'. सरांनी योजला करुण रस, लोकांना सापडला वीर.

"बाई कुणाला दिसतच नसेल तर काढू कशाला?" सर परवा म्हणाले.

"दिसते की, सर. थांबू नका."

"मागच्या अंकात तिच्या कडेवर काय होतं?"

मला सांगता आले नाही. मुकादमाचा संवाद मात्र तोंडपाठ होता. सर रागावले नाहीत. चहा पुढे सरकवला.

सरांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, त्यांची बोटे शाईने अशीच भरलेली राहोत, ही प्रार्थना. त्यांच्या प्रकृतीची मला चिंता नाही. ती ठणठणीत आहे. मला भीती एकच वाटते. सर थांबले, तर ते माझ्यासारख्या वाचकांमुळे थांबतील.