शेवटचं बटण गिऱ्हाइकाचं

मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानात गिऱ्हाईक फोन ठेवून जातं आणि फोनबरोबर स्वतःची भीतीही ठेवून जातं. फोन दुरुस्त होऊन परत जातो. भीती न्यायला कोणी येत नाही, ती आमच्या ड्रॉवरमध्येच राहते. दोन हजार सात-आठच्या सुमाराला उल्हासनगर कॅम्प चारमध्ये आमचं दुकान होतं, तेव्हा तो ड्रॉवर इतका भरला होता की उघडायलाही मला नको वाटायचं.

दुकानात आम्ही दोघं. मी काउंटरवर बसून गप्पा मारणार आणि अंबरनाथचा मिलिंद आतल्या टेबलावर काम करणार. घरात बुद्ध आणि बाबासाहेब, त्यामुळे भूत-करणी असलं काही त्याच्या घराच्या उंबऱ्यापर्यंतही आलेलं नव्हतं. तो म्हणायचा, "नाना, भीती म्हणजे लूज कॉन्टॅक्ट. खोडरबराने घासली की जाते."

दुकानाचा नियम मात्र त्यानेच घातलेला. फोन रिसेट करायचा तर सगळी तयारी आम्ही करणार. 'सगळं पुसून टाकू का?' असं स्क्रीनवर आलं की शेवटचं बटण गिऱ्हाइकाने स्वतःच्या बोटाने दाबायचं. मागाहून आमच्या नावाने शिमगा नको.

*

अंबरनाथहून एक बाई आल्या. पिशवीतून फोन काढला तो रुमालात गुंडाळलेला, हात न लावता.

"सासूबाईंचा आहे. त्यांना जाऊन महिना झाला. सिमकार्ड काढून ठेवलंय, स्क्रीन कधीची मेलीय, आमचे हे नुसता आठवण म्हणून चार्जिंगला लावतात. तरी रोज दुपारी चारला वाजतो."

मी घड्याळाकडे पाहिलं. पावणेचार. काही कामाच्या निमित्ताने मी बाहेर जाऊन उभा राहिलो. चार वाजले आणि फोन खरंच वाजला. बाई भिंतीला टेकल्या. मिलिंदने शांतपणे दुसरी स्क्रीन जोडून बघितलं. म्हाताऱ्या बाईंनी बीपीच्या गोळीचा अलार्म लावून ठेवला होता. अलार्मला सिम लागत नाही.

"बंद करून देतो," मिलिंद म्हणाला.

बाईंनी झटकन फोन ओढून घेतला. "नको नको. आणि आमच्या ह्यांना यातलं काही बोलू नका. आई वरून फोन करते म्हणून महिनाभर दारूला शिवले नाहीत."

*

आता लच्छू सेठ. प्लॅस्टिक दाण्याचा सिंधी व्यापारी. त्याची जीप रोज बदलापूर-जांभूळच्या कारखान्यांना गोणी पोचवायची. भाच्याने दुबईहून गाडीत लावायचा जीपीएस आणून दिला होता. तेव्हा असलं मशीन आमच्या सबंध गल्लीत कोणी पाहिलं नव्हतं. गाडी दिवसभर जिथे जिथे फिरली तिथे तिथे त्याच्या स्क्रीनवर लाल रेघ उमटायची.

सेठ तावातावाने आला. मागे त्याचा ड्रायव्हर काशिनाथ, बारवीकडच्या डोंगरवाडीतला. तो चपला काढून बाहेरच उभा राहिला.

"देख मिलिंद. रोज दुपारी जांभूळपर्यंत रेघ बरोबर. मग हा माणूस माझी गाडी घेऊन बारवी धरणाकडे जातो. माझं डिझेल, माझी गाडी, आणि भाडी ह्याची."

मिलिंदने रेघ मोठी करून बघितली. रेघ धरणापाशी थांबत नव्हती. निळ्या पाण्यात शिरून मधोमध थांबत होती.

"सेठ, पाण्यात जीप कशी जाईल?"

"ते ह्याला विचार. मशीन झूठ बोलत नाही साईं, ड्रायव्हर बोलतो."

काशिनाथ बाहेरूनच म्हणाला, "सेठ, दुपारची गाडी झाडाखाली उभी असते. मी भाकर खातो तिथंच. मी नाय कुठं नेली."

सेठने त्याच्याकडे बघितलंही नाही. "रिसेट कर. पुन्हा रेघ आली तर हा कामावरून बंद, आणि मी सरळ चौकीत जाणार."

वाडीत पगाराची नोकरी असलेला काशिनाथ एकटाच. लायसन्सही त्या वाडीत एकट्याचंच. त्याने हात जोडले, पण ते सेठला नव्हते, मशीनला होते. मिलिंदने तयारी केली, सेठने बटण दाबलं. रेघ पुसली गेली.

*

मधल्या काळात एक भाऊ आले. कोणाचे भाऊ ते विचारायची आमची छाती नव्हती. बरोबर दोन जाडजूड माणसं, एक दारात आणि एक माझ्या अगदी शेजारी. फोनचा लॉक कोड विसरले होते.

"उघड. आतलं काही जाता कामा नये."

"सगळं जाईल भाऊ," मिलिंद काउंटरशी येऊन म्हणाला. मी काउंटरखाली त्याला लाथ घातली, ती त्या शेजारच्या माणसाला लागली. पुढचं एक मिनिट मी कसं काढलं ते माझं मला ठाऊक.

भाऊ म्हणाले, "ठीक आहे, मार रिसेट."

"शेवटचं बटण तुम्ही दाबायचं. दुकानाचा नियम आहे."

ज्या बोटाच्या इशाऱ्यावर कॅम्प चारची शटरं पडायची ते बोट बटणापर्यंत जाऊन दोनदा मागे आलं. मग दाबलं.

नंतर कळलं की फोनमधली सगळी नावं गेल्यामुळे कोण बोलतंय ते भाऊंना कळेना. कोण जाणे, त्यांच्या वरचाच कोणी असला तर? म्हणून आठवडाभर ते गॅसवाल्यालासुद्धा "हां साहेब, बोला साहेब" म्हणत होते. कॅम्प चारने इतका शांत आठवडा पुन्हा कधी पाहिला नाही.

*

सेठची रेघ परत आली. तीच वाट, तेच पाणी.

"मला एक दिवस द्या," मिलिंद सेठला म्हणाला. मशीनमध्ये फॉल्ट सापडला तर काशिनाथ वाचणार होता. म्हणून मिलिंदने ते माझ्या हातात दिलं. "नाना, स्कूटरवरून पालेगावात फिरवून आणा. कुठे चुकतं ते बघू."

पालेगावात तेव्हा भाताच्या खाचरात बिल्डिंगी उगवत होत्या. एका नव्याकोऱ्या चार मजली बिल्डिंगच्या दारात मी थांबलो आणि मशीनकडे बघत मान हलवली. फ्लॅट बघायला आलेल्या चार बायका जमल्या.

"काय दाखवतंय हो?"

"सॅटेलाइटवरून बघतंय," मी म्हणालो. "म्हणतंय, इथे बिल्डिंगच नाही."

त्यातल्या एकीने वर बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि आपल्या पोराला हाताला धरून पायऱ्यांवरून खाली ओढलं. बिल्डरचा माणूस काठी घेऊन स्कूटरमागे धावला तेव्हा मात्र भ्यायची पाळी माझी होती.

दुकानात येऊन मी हसत हसत सांगितलं. मिलिंद हसला नाही. "नकाशा जुना आहे, म्हणून बिल्डिंग नाही. पण तुम्ही जिथे जिथे गेलात तिथली रेघ बरोबर उमटलीय." त्याने मशीन खाली ठेवलं. "मशीनमध्ये काही फॉल्ट नाही, नाना."

म्हणजे काशिनाथ खोटं बोलत होता.

*

दुसऱ्या दिवशी सेठ म्हणाला, "चला, माझ्यासमोर होऊ दे." आम्ही चौघं जीपने निघालो. सेठ पुढे, मी आणि मिलिंद मागे. काशिनाथ गाडी चालवत होता, पण मेलेल्या माणसासारखा.

जांभूळला गोणी उतरवल्या. पाण्याच्या टाक्यांच्या अलीकडे रोजच्या झाडाखाली काशिनाथने जीप उभी केली. सेठने चावी काढून खिशात टाकली आणि वर हात ठेवला. टळटळीत दुपार. काशिनाथने फडकं सोडून भाकर काढली. आम्ही तिघं काचेवर चिकटवलेल्या मशीनकडे बघत बसलो.

थोड्या वेळाने ठिपका हलला.

"झाडाखाली सिग्नल उडतो," मिलिंद म्हणाला. "थोडा इकडेतिकडे होतो. येईल परत."

ठिपका परत आला नाही. तो रस्त्याला लागला. जीप उभी, चावी सेठच्या खिशात, ड्रायव्हर आमच्यासमोर, आणि ठिपका बारवीच्या वाटेने निघाला. सेठने खिशावरचा हात आणखी घट्ट दाबला. मी दाराची कडी चाचपून ठेवली.

मिलिंद कोपऱ्यातला वेगाचा आकडा बघत होता. "हा गाडीचा वेग नाही," तो हळू म्हणाला. "हे कोणीतरी चालतंय."

काशिनाथने मान वर केली. रेघेवरून त्याची नोकरी जायची वेळ आली होती, पण तोवर त्याला ती रेघ कोणी दाखवलीच नव्हती. तो पुढे वाकला. ठिपका रस्ता सोडून डावीकडे वळला.

"हां," काशिनाथ म्हणाला. "इथनं ओढ्यात उतरायचं."

"कोणी?" मी विचारलं.

"आमच्या जुन्या वाडीची वाट ही. धरण व्हायच्या आधीची, वाडी आता पाण्याखाली. बा बाजार करून यायचा तवा इथनंच यायचा."

ठिपका निळ्यात शिरला. सेठ ओरडला, "बंद कर. मिलिंद, पुसून टाक सगळं." मिलिंदने पुढे वाकून मशीन हातात घेतलं, कळा दाबल्या, आणि नियमाप्रमाणे सेठसमोर धरलं. सेठने दोन्ही हात मांडीखाली घातले. मशीन मधेच राहिलं. मग मिलिंदने, आयुष्यात पहिल्यांदा, स्वतःचं बोट पुढे नेलं.

काशिनाथने त्याचं मनगट धरलं. "थांबा, दादा. अर्ध्या वाटंत नका. पोचू दे."

मिलिंदने मागे जायची कळ दाबली, नकाशा परत आला. ठिपका आणखी जरासा पुढे गेला आणि थांबला. मशीनमधली बाई इंग्रजीत काहीतरी बोलली.

"काय म्हनली?" काशिनाथने विचारलं.

मिलिंदने मशीन परत काचेला चिकटवलं. मग म्हणाला, "पोचलो, म्हणाली."

काशिनाथने मान डोलावली. उरलेली भाकर फडक्यात बांधली आणि हात पुसले. सेठने खिशातली चावी काढून काशिनाथच्या तळहातावर ठेवली आणि त्याची मूठ आपल्या दोन्ही हातांनी मिटली.

"तू चालव," सेठ म्हणाला. "उद्या पण तूच चालव."