दादाच्या अंगावर चढलेलं वजन

पोलीस अॅक्शननंतर तुरुंगाची दारं उघडली आणि माझा थोरला भाऊ घरी आला. आम्ही गौलीगुड्यात राहायचो. तिरंगा घेऊन रस्त्यावर उतरला म्हणून संस्थानाच्या पोलिसांनी त्याला धरून नेलं होतं. त्याआधी तो जवळच्या तालमीत रोज मुगदल, म्हणजे कसरतीचा जड लाकडी सोटा, फिरवायचा. तो सुटून आला त्या दिवशी जिन्याखालून त्याची हाक आली तेव्हा आई धावत गेली. दारात उभ्या असलेल्या माणसाकडे पाहून तिनं विचारलं, "कोण पाहिजे?"

"आई, मी आहे," तो म्हणाला.

त्यानंतर घरात एकच ध्यास लागला, दादाच्या अंगावर मांस चढवायचं. बाबा कोर्टात नोकरीला होते. बेगम बाजारात त्यांच्या ओळखीचा एक धान्याचा आडत्या होता. दर रविवारी बाबा दादाला टांग्यातून तिथं न्यायचे, आणि पोती तोलायच्या काट्यावर दादाला बसवायचे. पलीकडच्या पारड्यात वजनं पडायची. हमाल हसायचे, दादा मान खाली घालून बसायचा. घरी येताना बाबा मिठाई आणायचे, कारण काटा दर वेळी वाढ दाखवायचा. आई भाताची मूद मोठी करायची, वर लोणचं, पापड वाढायची. शेजारणी म्हणायच्या, "बाळसं धरलं हो पोरानं!"

मी तेव्हा बारा-तेरा वर्षांची असेन. रोज संध्याकाळी त्याच्या पायांना तिळाचं तेल लावायचं काम माझ्याकडे होतं. एकदा नडगीवर अंगठा दाबला तर तिथं खळगा पडला. अंगठा काढला तरी तो भरून येईना. मी आईला बोलावलं. तिनं पाहिलं आणि माझ्यावरच खेकसली. "अंगावर मूठभर मांस चढलंय, तेही बघवेना का तुला?"

पण दादाचा श्वास मला ऐकू यायचा. मी त्याच्याच खोलीत झोपायचे. आडवं पडलं की तो घुसमटायचा, म्हणून भिंतीला टेकून बसायचा. एकदा जिना चढताना मधल्या पायरीवर बसला आणि मला म्हणाला, "त्या काट्याला काही कळत नाही गं. बाबांना म्हणावं, मला तिथं घेऊन जाऊ नका."

मी बाबांना सांगितलं. बाबांनी बरकतपुऱ्यातल्या डॉक्टरांना घरी आणलं. डॉक्टरांनी पाय दाबून पाहिले, छाती ऐकली. मग बाबांना गॅलरीत नेऊन म्हणाले, "हे मांस नाही. पाणी आहे. उपासमारीनं शरीर आतून पोखरलंय. मीठ पूर्ण बंद करा. दूध द्या, डाळ द्या, अंडी चालत असतील तर अंडी द्या."

पुढच्या रविवारी बाबांनी टांगा बोलावला नाही.

आमच्या घरात अंडं कधी आलं नव्हतं. आईनं मागच्या अंगणात वेगळी चूल मांडली, वेगळं पातेलं आणलं, आणि पदरानं नाक झाकून अंडी उकडायला लागली. कुणालाही ती त्या पातेल्याला हात लावू द्यायची नाही.

पाणी उतरलं आणि आत जे उरलं होतं ते दिसू लागलं. गालफडं बसली, बरगड्या वर आल्या. शेजारणी हळहळल्या. आई न्हाणीघरात जाऊन रडायची. डॉक्टर म्हणत होते की आता तो बरा होतोय, पण डोळ्यांना ते पटत नव्हतं.

मग तो खरंच बरा होतोय का ते मोजायला मीच एक युक्ती काढली. जिना चढताना मी त्याला तालमीतल्या कुस्त्यांची हकीकत सांगायला लावायचे. आधी दोन पायऱ्यांत त्याचा आवाज बंद पडायचा. पुढं मधल्या वळणापर्यंत गोष्ट पोचू लागली. एक दिवस तो बोलत बोलत वर आला आणि शेवटच्या पायरीवर स्वतःच दचकून थांबला. त्या रात्री तो आडवा होऊन झोपला. आईनं दोनदा येऊन त्याच्या छातीवर हात ठेवून पाहिलं.

तो तालमीत जायला निघाला तेव्हा मी बरोबर होते. तालमीचे म्हातारे उस्ताद त्या दिवसांत फारसे घराबाहेर पडत नव्हते, मुसलमानांच्या वस्त्यांत भीती होती. दादा येणार म्हणून ते आले होते. त्यांनी त्याला छातीशी धरलं. "आ गया मेरा शेर," म्हणाले, आणि सगळ्यात हलका मुगदल पुढं केला.

दादानं मूठ आवळली. उजव्या हाताची दोन बोटं मिटलीच नाहीत. तुरुंगात त्या हातावर काठ्या पडल्या होत्या. हे त्यानं घरी कुणाला सांगितलं नव्हतं, जेवताना उरलेल्या बोटांनी घास असा उचलायचा की कुणाच्या लक्षात येत नव्हतं. मुगदल मातीत पडला.

"हल्लू हल्लू होता बेटा," उस्ताद म्हणाले.

"नक्को उस्ताद," दादा म्हणाला. "ये नहीं होता अब."

पुढं तो सरकारी कचेरीत लागला. डाव्या हातानं लिहायला शिकला. त्याचं लग्न झालं, मुलगी झाली. छाती मात्र पुरती सुधारली नाही. चाळिशी गाठायच्या आतच तो गेला, कचेरीत, खुर्चीवर बसल्या बसल्या. त्याला घरी आणलं तेव्हा उचलून आणणारी माणसं एकमेकांना म्हणत होती, "किती हलका आहे हो." आई कोपऱ्यात बसली होती. ती म्हणाली, "त्याला हलका म्हणू नका."