उतारावर न्यूट्रल

मी पुण्यात विजेच्या तीनचाकी टेम्पोच्या मोटरी कम्प्युटरवर चालवून पाहते. आमच्या गणिताप्रमाणे चढावर मोटर बॅटरी खाते आणि उतारावर तीच मोटर वीज तयार करून थोडी परत देते. खऱ्या रस्त्यावर तपासायला आम्ही एक गाडी हिंगोलीला पाठवली आणि माझ्या काकांच्या ताब्यात दिली. त्यांचा अर्धा जन्म डिझेलच्या टेम्पोतून हळदीची पोती वाहण्यात गेला आहे.

आठवडाभराच्या नोंदी आल्या. उतारावर परत आलेली वीज शून्य. दोन दिवस मी गणितात चूक शोधली, ती सापडली नाही. शेवटी हिंगोली गाठली आणि काकांच्या शेजारी जाऊन बसले. नरसीच्या रस्त्याला पहिला उतार लागला, तसा काकांनी शांतपणे खटका न्यूट्रलवर टाकला.

"काका, हे काहून?"

"उतारावर गाडी आपोआप पळून राहिली, माय. मंग मोटर कशाला झिजवायची?"

उतारावर बॅटरी कशी भरते, ते मी त्यांना नीट समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं, "बराबर हाय" म्हणाले, आणि पुढच्या उतारावर खटका पुन्हा न्यूट्रलवर टाकला.

पुण्याला परतल्यावर मी गणितात उतारावरची वीज शून्य धरली. पहिल्यांदाच आकडे रस्त्याशी जुळले. साहेबांनी या बदलाचं कारण लेखी मागितलं. मी लिहिलं, मोटरीत अजून सुधारणा शक्य आहे, काकांत नाही.