विहिरीच्या कठड्यावर बसलेले जमादार

बसप्पा जमादार गेल्याचं मला बहिणीनं सांगितलं. कुर्डुवाडीहून सुटीला घरी आलो, तर अनसूया दारातच उभी. डोळे भरलेले, पण चेहरा शांत. "दादा, जमादारकाका गेले. जेवून ओसरीवर आडवे झाले आन् झोपेतच... सोन्यासारखं मरण आलं बघ." त्याला आता महिना होत आला. पोलिसातून पेन्शन घेतलेल्या माणसावर कोण लिहिणार? म्हणून मीच लिहितो. माझी बहीण आज चार माणसांत हसते-बोलते, ती त्यांच्यामुळं.

अनसूयेचं पहिलं मूल बारशाआधीच गेलं आणि तिची झोप उडाली. एका दुपारी ती शुक्रवार पेठेतल्या आमच्या विहिरीच्या कठड्यावर, आत पाय सोडून बसलेली दिसली. सारी गल्ली गोळा झाली. कुणी म्हणालं, भूत लागलंय. मामा दोर घेऊन आले. दोन शिपाई तिला मागून धरायच्या बेतात होते, तेवढ्यात जमादार पोचले. त्यांनी शिपायांना गर्दी पांगवायला लावलं, दोर घरात ठेवायला सांगितला, मला मात्र जवळ राहू दिलं. मग फेटा आणि पट्टा काढून ठेवला आणि थोडं अंतर राखून, तिला दिसतील असे कठड्यावर बसले.

"काय ऐकतीस, पोरी?"

"माझं लेकरू रडतंय खाली."

"मला न्हाय ऐकू येत. पर तुला येतंय, म्हंजे जीव किती तुटत असंल..."

ऊन कलायला लागलं.

"तुमी मला बांधून न्याल," ती एकदम म्हणाली.

"न्हाय बांधणार. टांग्यानं जाऊ दवाखान्यात. तुझा भाऊबी येईल की."

"आन् तितं कोंडतील."

"दाराशी मी बसतो. मग तर झालं?"

तिनं पाणी मागितलं. मी तांब्या दिला. घोटभर पिऊन तिनं आपणहून पाय अलीकडं घेतले आणि तिला रडू फुटलं... मूल गेल्यापासून पहिल्यांदाच.

दवाखान्यात तिचे हात बांधायचा विषय निघाला, तेव्हा जमादार म्हणाले, "साहेब, मी शब्द दिलाय." डॉक्टरांनी ऐकलं. औषधानं तिला झोप लागली आणि जमादार दाराशी बाकावर बसून राहिले. पुढं कामावरून जाताना रोज डोकावत. ती बरी व्हायला सबंध पावसाळा गेला. आता तिला दोन मुली आहेत.

असं कुणी जिवावर उठलं की लोक जमादारांनाच हाक मारत; पण सगळेच असे परतले नाहीत. एका गिरणी कामगाराला ते रुळांवरून माघारी आणू शकले नव्हते. त्यानंतर कितीतरी दिवस ते कुणाशी धड बोलले नाहीत. तरी पुढची हाक आली, तेव्हा गेलेच.

परवा अनसूया आणि मी जमादारांच्या घरी गेलो. दार सताड उघडं होतं. "दिवसा कडी लावायची न्हाय, कोन कवा येईल सांगता येत न्हाय, असं त्येंचं म्हणणं," त्यांच्या पत्नी गंगव्वाकाकू म्हणाल्या. आम्ही चहा घेत होतो, तोच विणकरांच्या वस्तीतली एक बाई धापा टाकत आली. तिचा मुलगा सकाळपासून खोलीत कोंडून घेऊन भिंतीवर डोकं आपटत होता. "जमादार हायेत का?"

काकूंनी ते गेल्याचं सांगितलं. काकूंनी तिला पाणी दिलं, पदर सारखा केला आणि पायांत वहाणा घातल्या. अनसूयाही उठली.

"चल," काकू म्हणाल्या. "पोराचं नाव काय?"