दुसऱ्या माणसाचा रकाना

मोजणीसरांना ‘असतील’ हा शब्द चालत नसे. पैठणच्या धरणाच्या पाण्याकडे बोट दाखवून कुणी म्हटलं, “चक्रवाक असतील दोनेकशे,” की दुर्बीण खाली न घेता ते विचारायचे, “दिसले की असतील?” समोरचा पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागायचा. मी तर त्यांच्यासोबत पहिले दोन हिवाळे गप्पच काढले. माझ्यासारख्या माणसाला ते किती जड गेलं असेल, हे छावणीच्या जनावरांच्या बाजारात कुणालाही विचारा.

मी बकऱ्यांचा व्यापारी. शाळा सातवीत सुटली, पुढचं बाजारानं शिकवलं. एका गुरुवारी टेम्पोतल्या कळपावर नजर फिरवून मी म्हणालो, “सत्तेचाळीस.” मालक पन्नासावर अडून बसला. माझं डोकं तापलं. एकेक बकरी दोरीपलीकडे काढायला लावली. सत्तेचाळीसच भरल्या. मागे एक म्हातारे गृहस्थ उभे होते, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. ते म्हणाले, “शेठ, पक्षी मोजाल का?”

“इकायचेत का?”

“नाही. फक्त मोजायचेत.”

असला धंदा मी पहिल्यांदाच ऐकला.

त्यांची रीत ठरलेली. दर हिवाळ्यात तीच बाभळ, उजाडल्यापासून एक तास. थव्यातले दहा पक्षी नीट मोजायचे, ते किती जागा घेतात ते डोळ्यांत धरायचं आणि तेवढं माप पूर्ण थव्यावरून सरकवत न्यायचं. मी विसाचं माप धरायचो, बाजारातली सवय. ती त्यांनी मोडली नाही. मात्र दोघांत वीस पावलांचं अंतर, आणि तास संपेपर्यंत आकडा एकमेकांना सांगायचा नाही. मग एकाच कागदावर दोन रकाने, पहिला त्यांचा, दुसरा माझा.

एकदा धुक्यामुळे मला काही नीट दिसेना. सर चहा ओतत होते तेवढ्यात मी त्यांच्या वहीत डोकावलो आणि तोच आकडा माझ्या रकान्यात लिहिला. त्यांनी कागद पाहिला.

“बघून लिहिलंत?”

“व्हय. पण सर, तुमचाच बरोबर असणार ना.”

“तुमचा वेगळा आला तर आपण किती चुकतोय ते मला कळतं. माझाच उतरवलात, म्हणजे आज इथं मोजायला मी एकटाच होतो.”

त्यांनी दोन्ही आकड्यांवर काट मारली. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं परत पैठण. माझा बाजार बुडाला, म्हणून वाटेतलं चितेगाव येईपर्यंत मी कुरकुरत होतो. सर खिडकीबाहेर बघत विजेच्या तारेवरचे कोतवाल मोजत होते.

मग एका हिवाळ्यात आमच्या बाभळीसमोर एकही रोहित पक्षी उतरला नाही. दोघांच्याही रकान्यात शून्य. आमचे कागद जायचे त्या वनखात्याच्या कचेरीतले साहेब म्हणाले, “सर, शून्य वाईट दिसतं. गेल्या वर्षीचाच आकडा टाकू, नाहीतर ही जागाच वगळू.”

“गेल्या वर्षीचे पक्षी गेल्या वर्षी मोजलेत,” सर म्हणाले. “शून्य बघायला आम्ही तासभर थंडीत उभे होतो. वगळलंत तर लोकांना वाटेल, तिथं कुणी गेलंच नाही.”

मी टेबलावर हात आपटला. सरांनी माझं मनगट धरून मला खाली बसवलं. अहवाल आला तेव्हा आमची जागा त्यात नव्हती. पुढच्या वर्षी मोजणीचं पत्रही आलं नाही. सर म्हणाले, “पत्र नसलं तरी पाणी तिथंच आहे ना?” आम्ही गेलो. त्यानंतरही गेलो, सर होते तोवर.

ते जाऊन तीन हिवाळे झाले. मी अजून जातो. तीच बाभळ, तोच तास. कागद कचेरीत नेतो आणि आवक शिक्का पडल्याशिवाय उठत नाही. आजवर माझ्याशी घासाघीस करून कुणी लवकर सुटलेलं नाही. तिथला कारकून कसा सुटेल?

यंदा त्यानं मला कागद परत दिला. “शेठ, पहिला रकाना रिकामा आहे. तोच आकडा तिथंही टाका ना, कोण बघतंय?”

मी पेन घेतलं आणि सरांच्या रकान्यात लिहिलं : ‘दुसरा माणूस नव्हता.’

“आता मार शिक्का,” म्हणालो. “आन् पुढच्या साली तू चल.”