भरताच्या पंगतीत दही

समस्त खानदेशवासीयांना कळवण्यास अत्यंत खेद होतो की, एकोणीसशे नव्वदच्या आसपास एका हिवाळ्यात, सोनगीरजवळच्या मळ्यात, भर दुपारी, मी भरताबरोबर दही मागितलं.

पंगतीतले सगळे हात घासासकट थांबले. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी, त्यात ठेचलेल्या मूठमूठ हिरव्या मिरच्या, आणि दही! मळा माझ्या मामांचा. सारे त्यांना नाना म्हणायचे. त्यांनी मला पायापासून टोपीपर्यंत न्याहाळलं.

"दही? पुण्याथीन उना का रे भाऊ तू?"

मी पुण्याहून आलेला ठरलो आणि पंगत हसून लोळायला लागली. मीही हसलो. लग्न असो की गावजेवण, माइक माझ्याच हातात असायचा. हसणं मला शोभायचंच. पण गालाच्या आत, जिथं मी वीस वर्षं तंबाखूची चिमूट दाबत आलो होतो तिथं, एक पांढरा चट्टा तीन महिने मुक्कामाला होता. मिरची लागली की आख्खा सातपुडा डोळ्यांपुढे नाचायचा. जळगावच्या माणसानं 'तिखट लागतं' हे सांगायचं कुणाला?

एकटी अक्का हसली नाही. ती माझी थोरली बहीण, धुळ्यात शाळेत शिकवायची. "आ कर," ती म्हणाली. चारचौघांत, वर्गातल्या पोराला सांगावं तसं. मी केला. दुसऱ्या दिवशी धुळ्याच्या डॉक्टरांसमोरही केला. तुकडा तपासायला गेला. कॅन्सर.

मी एवढंच विचारलं, "बोलता येईल ना?"

"गालाचा लचका जाईल, बोलणं राहील," डॉक्टर म्हणाले. "आणखी सहा महिने लपवलं असतंत, तर मी हे म्हणालो नसतो."

लचका गेला. तंबाखूची डबी मी स्वतः उकिरड्यावर भिरकावली. तोंड आता दोन बोटं उघडतं आणि 'स' म्हणताना शिट्टी वाजते. 'घरी आराम करा,' असा सल्ला देणाऱ्यांना मी त्याच शिट्टीत उत्तर दिलं आणि पहिल्याच लग्नात माइक हिसकावून घेतला. नवरदेवाचं नाव शिट्टीसकट पुकारलं. वऱ्हाडानं टाळ्या वाजवल्या.

पुढच्या हिवाळ्यात त्याच मळ्यात मी बॅटरी घेऊन उभा राहिलो. आधी आ, मग भरीत! शिव्या घालत का होईना, एकेकानं तोंड उघडलं. तोंडात तंबाखू धरून बसलेले नाना तेवढे अडले.

"मना तोंडले काय व्हयनं? चाल, हट!"

"मग खाऊन दाखवा, नाना."

नानांनी तंबाखू थुंकली, चूळ भरली आणि माझ्याकडे रोखून बघत मोठा घास घेतला. एकदा चावला. दुसऱ्यांदा जबडा हललाच नाही. डोळ्यांतून पाणी मिशांवर उतरलं. मी बॅटरी पेटवली, तसे नाना हात आडवा धरून ओरडले,

"आधी दही आन, मंग लाव तुनी बॅटरी!"